चार नंबरच्या मागावरची चादर

व्यंकू, तुझी चादर आज तिसऱ्यांदा परत आली.

दुपारचे बारा वाजलेले. बाहेर ऊन, आत शेडचे पत्रे तापून तडतड वाजतायत, आणि मी माझ्या काचेच्या टेबलापाशी. टेबलाखाली ट्यूबलाइट, वर दवाखान्यातून येऊन धुतलेली चादर पसरायची, कुठं विरलीय का बघायची, कोपऱ्यातला बिल्ला यंत्राला दाखवायचा, टुक् वाजलं की घडी. दिवसभर हेच. तुला कशाला सांगते म्हणा, या टेबलापाशी खुर्ची तूच आणून ठेवलीस. तर तुझी चादर मला डोळ्यांनी ओळखावी लागलीच नाही. बोटाला कळली. कोपऱ्याच्या दुमडीत, बिल्ल्याच्या शेजारी गाठ. मागच्या खेपेला दोन होत्या. आज तीन आहेत.

तू गेल्याला अडतीस दिवस झाले. आपल्या समाजाचा अंक निघतोय, त्यात तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणाले. "अक्का, तुम्हाला लिहिता येतं." येतं बाबा, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवून गिरवून आलंय. पण तुझा जन्म कुठला, तू कुठल्या कमिटीवर होतास, हे दुसरं कोणीही लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. या गाठींबद्दल विचारायचंय, आणि एक कबुली द्यायचीय. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

आपलं भांडण कुठून सुरू झालं, आठवतं? अनूच्या त्या वाक्यापासून. तुझी लेक पुण्याहून शिकून आली, चार महिने कारखान्यात नुसती हिंडली, आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, दवाखान्याला चादर नकोच असते."

तू घास तसाच धरलास. "मग काय माझं डोस्कं पाहिजे असतंय?"

"त्यांना रोज सकाळी स्वच्छ खाट पाहिजे असते. चादर विकत घेणं, धुणं, फाटली की नवी आणणं, ही त्यांची कटकट. आपण चादर विकायचीच नाही. स्वच्छ खाट द्यायची. चादर आपलीच. जाईल, वापरून परत येईल, आपण धुऊन पुन्हा पाठवू."

"म्हणजे भाड्यानं."

"भाड्यानं नाही बाबा. सेवा."

"सेवा देवळात करत्यात," म्हणालास आणि हात धुवायला उठलास.

पण डझनावर घेणारे व्यापारी एकेक करून गळत होते, बाहेरून हलका माल येत होता, हे तुलाही दिसत होतं. बारा मागांपैकी आठ भंगारात गेले. ते उचलून नेत होते तेव्हा तू संडासात जाऊन बसलास, मला ठाऊक आहे. त्या जागेवर धुण्याची मोठी यंत्रं आली. कांड्या भरणाऱ्या बायका घड्या घालायला लागल्या, माग दुरुस्त करणारा जॉबर चादरींची गाडी चालवायला लागला. आणि तू उरलेल्या चार मागांमध्ये उभा राहून मला म्हणालास, "अक्का, आपण विणणारी मानसं. लोकांचं धुणं धुवायला नायनानं माग घेतला व्हता का?"

मी म्हटलं, "नायनाचं, आपल्या बापाचं, धोतर कोण धुवत हुतं? मीच की. तवा न्हाई लाज वाटली कुणाला."

तू हसलास. पण तुझं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते तू एकदाच बोललास. आपल्याकडे ज्या अंथरुणावर माणूस जातं ते अंथरूण घरात परत घेत नाहीत. पूर्वी लोक दवाखान्यात जाताना घरची चादर घेऊन जायचे. बरा झाला तर माणूस चादर घेऊन घरी, नाही झाला तर चादर त्याच्याबरोबर. तू म्हणालास, "ह्या धंद्यात माणूस जाणार आन् चादर माघारी येणार."

अनू म्हणाली, "उकळत्या पाण्यात धुतो बाबा आपण. काही राहत नाही."

"धुणं निराळं, सोडणं निराळं. दिलेली वस्तू दिली. लेक दिली, चादर दिली. माघारी घ्यायची नसती."

मी तिथंच होते, भाकरी थापत. म्हटलं, "मी आले की रे माघारी."

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आले, मालक गेले तेव्हा. कपाळ पांढरं, एक पत्र्याची पेटी. तेव्हा दार तूच उघडलंस, मिसरूड न फुटलेला. त्या घरात मी पन्नास वर्षं राहिले, तुझी बायको गेल्यावर अनूला वाढवलं. एवढ्या वर्षांत तू मला कधी "परत आलेली" म्हटलं नव्हतंस. त्या दिवशीही मला म्हटलं नव्हतंस. पण शब्द सुटला होता, आणि मी तो झेलला होता. तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी ही गादीची खुर्ची ठेवलेली. माफी मागणं तुला कधी जमलं नाही. तू वस्तू आणून ठेवायचास.

एक मात्र झालं. धंदा बदलला तसं तुझं कापड बदललं. आधी विकलेली चादर फाटली तर गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडेच यायचं. आता फाटली तर ती फाटकी आपल्याच टेबलावर यायची, आणि टेबलावर मी. पहिल्या महिन्यात मी तुझ्यासमोर विरलेल्या चादरींचा ढीग टाकला. तू एकेक उचलून बघितलीस, कान लाल. त्यानंतर चार नंबरच्या मागावर तू जाड आडवा धागा लावलास, काठ दुहेरी केलास. सांगू? तुझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कापड तू त्या धंद्यासाठी विणलंस, ज्याला तू रोज शिव्या घालत होतास. एक चादर उजेडावर धरून तू म्हणालास, "पोरगी म्हणती त्यात जरा तथ्य हाय." पण अनूला सांगितलं नाहीस. आणि तिला मागाला हात लावू द्यायचा नाही, ही तुझी जिद्दही सोडली नाहीस.

"निदान गाठ तरी शिकव रे तिला," मी म्हणायची.

"कशाला? मोबाइल तुटल्यावर गाठ मारणार हाय का?"

आता कबुली.

सुरुवातीला चादरी कमी भरायच्या. जायच्या शंभर, यायच्या शहाण्णव. अनूच्या लक्षात आलं की माणूस गेलं की नातेवाईक चादरीसकट उचलून नेतात. ती बिचारी संकोचायची, दवाखान्याला कसं सांगायचं म्हणून. मी म्हटलं, आण इकडे, मी लिहिते. माझं अक्षर मोत्यासारखं, तेवढाच माझा गर्व. पुठ्ठ्यावर लिहिलं, "चादर कारखान्याची आहे. ती कुणाबरोबरही जाणार नाही." अनूनं त्याचे बोर्ड करून प्रत्येक वॉर्डात लावले. तू तो वाचलास आणि चष्मा काढलास.

"अक्का, 'कुणाबरोबरही' म्हंजे कुणाबरोबर, ठाऊक हाय न्हवं तुला?"

मी म्हटलं, "शुद्धलेखन बरोबर हाय की."

तुला छातीचं दुखणं झालं आणि तू त्याच वॉर्डात, त्याच बोर्डाखाली पडलास. पहिल्याच दिवशी चादरीवर हात फिरवून म्हणालास, "चार नंबरचा माग." तुला बरंच वाटलं असणार, आपल्याच कापडावर पडलोय म्हणून. नेहमीसारखा डाव्या कुशीवर. उजवा कान मागांनी कधीच नेला होता. डावा चांगला होता, तो उशीत दाबून झोपायचास, मागांची खटखट ऐकू येऊ नये म्हणून. शेवटच्या सकाळी अनू औषधं आणायला खाली गेली होती. तुझी बोटं चादरीच्या कोपऱ्यावर. तू विचारलंस, "अक्का, ही माघारी यील न्हवं?"

मी काय बोलले? "येणार की. नियमच हाय."

नुसता बघत राहिलास. ती यावी असं तुला वाटत होतं की येऊ नये, हे मला कळलं नाही, आणि तासाभरात विचारायची सोय राहिली नाही.

दहा वाजले होते. लख्ख उजेड. वॉर्डातली मावशी, मल्लम्मा, अक्कलकोटकडची, तिनं तुझे डोळे मिटले, हात जोडले, आणि जरा वेळानं माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, चादर."

मला समजलंच नाही.

"चादर काडून घिऊ का? हिशेबाला लागती. तुमचाच बोर्ड हाय की वो." आणि तिनं वर बोट दाखवलं. माझं अक्षर. मोत्यासारखं.

मी मान हलवली, व्यंकू. नको म्हणू शकले असते. कारखाना आपला, चादर आपली, भाऊ माझा. पण मान हलवली. मल्लम्मानं तुला अलगद एका कुशीवर केलं आणि तुझ्या अंगाखालून तुझीच चादर ओढून घेतली. निळ्या पिशवीत टाकली. तुला आम्ही बाजारातून आणलेल्या कापडात नेलं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, समाधानानं गेला, काही मागं राहिलं नाही. मी गप्प बसले. कारण चौथ्याच दिवशी, मन रमावं म्हणून टेबलाशी जाऊन बसले होते तेव्हा, माझ्या बोटाखाली ती गाठ आली होती.

विणकराची गाठ अशी, की तुटलेला धागा जोडला तरी वरून हात फिरवणाऱ्याला पत्ता लागत नाही. ती तुला मीच शिकवली. तू सात वर्षांचा, मी बाराची. तुझ्या इवल्या बोटांवर माझी बोटं ठेवून. ती चादर मी टेबलावर पसरली. दुमडीतला एक धागा ओढून, तोडून, पुन्हा जोडलेला. गाठ जरा ओबडधोबड होती. वाटलं, शेवटी तुझा हात थरथरला असेल. खालून ट्यूबलाइटचा उजेड येत होता. आणि त्या उजेडात, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरीत आकार दिसला. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे. डाव्या कुशीवर. मी डोळे मिटून उघडले, तरी होता. दिवा बंद केला, गेला. लावला, आला.

मी ती चादर घडी करून माझ्या कपाटात, लुगड्यांखाली ठेवली. दोन दिवसांनी अनू आली. "आत्या, एक चादर तुझ्या टेबलापर्यंत आली आणि पुढं गेलीच नाही. यंत्र तिला शोधतंय." तिला सांगता आलं नाही. मी बोर्ड लिहिलेली बाई. चादर काढली, बिल्ला दाखवला, टुक् वाजलं, गाडीत ठेवली. म्हटलं, संपलं.

अमावस्येला परत आली. अमावस्येला आपले माग बंद असतात, नारळ फुटतो, तुला ठाऊक आहेच. पण दवाखान्याला कुठली अमावस्या? धुणं चालू, टेबल चालू. मागांचा आवाज नसला की त्या शेडमध्ये माणसाला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. बोट फिरलं आणि थांबलं. पहिल्या गाठीशेजारी दुसरी. ही ओबडधोबड नव्हती. इतकी सपाट, इतकी साफ, की माझंच बोट दोनदा वरून निघून गेलं. अशी गाठ मारणारे दोनच हात मला माहीत. एक माझा, आणि माझे दोन्ही हात माझ्यासमोर होते.

मी पुन्हा पाठवली. भीतीनं पाठवली, खोटं कशाला बोलू. आणि आज तिसरी.

दुपारीच रिक्षा केली आणि मल्लम्माला गाठलं. बिल्ल्यावरून वॉर्ड कळतो, खाट कळत नाही, म्हणून विचारलं, महिन्याभरात वॉर्डात कोणी विणकर होता का.

तिनं बोटांवर मोजलं. "जुळे सोलापूरच्या एक ब्यांकेतल्या म्याडम. सांगोल्याचा एक डाळिंबवाला. कुर्डुवाडीचा रेल्वेतला म्हातारा. बाकीबी असलेच. न्हाई वो अक्का, विणकर एकबी न्हाई."

"मग चादरीला गाठ कोण मारतंय?"

"गाठ? ह्येंच्या हाताला सलाईन. पाणी प्यायला मी लागती, गाठ कुटली मारत्यात!" मग ती जवळ सरकली. "पर एक सांगू? हसू नका. त्यो रेल्वेतला म्हातारा सारका डाव्या कुशीवर. आन् मला इचारायचा, मावशी, हितं खाली कसलं मशीन हाय? उशीला कान लावला की खटखट खटखट ऐकू येतंय. मी म्हणलं, जनरेटर असंल. तर म्हणतो कसा, न्हाई, लई गोड वाजतंय, राहू द्या."

"काय झालं त्याचं?"

"काय हुतंय? बरा हून घरी गेला की. त्या म्याडमबी घरी गेल्या, डाळिंबवालाबी." तिचा चेहरा पडला. "अक्का, त्या दिवशी मी चादर वडली ना, मला झोप न्हाई. तुमी रागावलाव का?"

म्हटलं, "तू कशाला? अक्षर माझं."

तिथंच स्टूल मागवला. या वयात स्टूलवर चढले, मल्लम्मानं माझे पाय धरले, आणि बोर्ड उतरवला. घरी येऊन अनूपुढे ठेवला, सगळं सांगितलं. कपाट, लुगडी, गाठी, आकार. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"आत्या, यंत्रात दोनच गोष्टी आहेत. आलेली आणि हरवलेली."

"मग तिसरी घाल."

"काय लिहू?"

"गेली," मी म्हटलं. "ज्याच्याबरोबर गेली त्याच्याबरोबर गेली. तिला शोधायचं नाही. तुझा बाप एवढंच सांगत होता. धुणं आपलं, सोडणंही आपलंच."

तुझ्या लेकीनं डोळे पुसत ते यंत्रात घातलं. मी नवा बोर्ड लिहिला. "या चादरीवर आपलं माणूस गेलं, तर चादर त्याच्याबरोबर जाऊ द्यावी. कारखाना ती मागणार नाही." या वेळी अक्षर जरा वाकडं आलं. तसंच राहू दिलं.

आणि तुझी चादर? ती कपाटात ठेवून घ्यावी, असं फार वाटलं. रात्रंदिवस जवळ. तीन गाठींवर बोट ठेवून बसता आलं असतं. पण मग ती सेवेत नाही आणि सोडलेलीही नाही, नुसती अडकलेली राहिली असती, माझ्यासारख्या म्हातारीच्या लुगड्यांखाली. मी तिची घडी घातली. घडी घालताना तो आकार गुडघ्यांपाशी जरा हलला, की काचेवर उजेड हलला, नाही सांगता येत. बिल्ला दाखवला. टुक्. गाडीत ठेवली.

इथवर लिहून कागद ठेवून दिले होते. आज पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलेत.

सकाळी अनू आली, हातात तो मोठ्या पडद्याचा फोन, ज्यात यंत्राचा हिशेब दिसतो. माझ्यासमोर धरला. तुझ्या चादरीचा नंबर, आणि पुढे एकच शब्द: गेली. कुणाबरोबर, ते मी विचारलं नाही. मल्लम्माला फोनही केला नाही. एकटं नव्हतं गेलेलं ते माणूस, एवढं पुरे. आपलं सगळ्यात चांगलं कापड अंगाखाली होतं.

तू विचारलं होतंस, माघारी येईल ना? आली की रे. तीनदा आली. मग गेली. आता मला वाटतं, तुला दोन्ही हवं होतं. एकदा घरी येऊन जायचं होतं. माघारी आलेल्याला घरात घ्यावं, हे तू मला दार उघडलंस तेव्हाच शिकवलं होतंस. मीच त्या एका शब्दावर अडून बसले होते.

बरं, आता खरी गोष्ट. दुपारी जेवून आले तर टेबलावर चार नंबरच्या मागाची कोरी चादर होती. सवयीनं कोपरा चाचपला. गाठ. कोपरा उजेडावर धरला. बघते तर गाठ ओबडधोबड, एक टोक बाहेर आलेलं. मागं अनू उभी.

"आत्या, जमली का?"

"तुला कुणी शिकवली गं ही?"

"बाबांनी. दवाखान्यात, तू दुपारी घरी जायचीस तेव्हा. माझ्या बोटांवर बोटं ठेवून. आदल्या दुपारी, त्या चादरीवरच. म्हणाले, अक्काला सांगू नको, चिडवती."

म्हणजे ती पहिली गाठ तुझी नव्हतीच. तुझा हात थरथरला नव्हता. ती माझ्या अनूची पहिली गाठ होती, आणि मी ती तुझी समजून सात आठवडे रडत होते. मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. डोळे पुसून विचारलं, "मग त्या दुसऱ्या दोन? त्या पण तूच मारल्यास ना, चादर गाडीत चढताना?"

"नाही आत्या. मी एकच मारली."

चार नंबरचा माग चालू होता. अनू मागाकडे गेली. मी तिला अडवलं नाही. तूही अडवू नकोस.